ताकदीच्या गोळीचा हिशेब

'जीवनसत्त्व' हा मराठीतला मोठा सुंदर शब्द. जीवन आणि सत्त्व, दोन्ही शब्द शुभ. पण ज्याचे नावच इतके मंगल, त्याचाही अपाय होऊ शकतो, हे पटवणे कठीण जाते. पालघरला काय, बोईसर-तारापूरला काय, औषधांच्या दुकानात 'ताकदीची गोळी द्या' एवढेच सांगून माणसे मोकळी होतात. म्हणून या गोळीचा इतिहास जरा पाहू या.

गोष्ट सुरू होते भातापासून. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांनी पाहिले की, पॉलिशचा पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांच्या बेरीबेरी रोगाचे मूळही तिथेच सापडले. वाडा कोलम पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला हातसडीच्या तांदळाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे १९१२ मध्ये कासिमिर फुंक या पोलिश संशोधकाने अशा घटकांना नाव दिले, त्यातूनच 'व्हिटॅमिन' हा शब्द आला. लॅटिनमध्ये 'विटा' म्हणजे जीवन.

उणीव भरून काढली की रोग जातो, एवढेच या शोधाने सिद्ध केले होते. लोकांनी मात्र अर्थ काढला, थोड्याने गुण येतो तर पुष्कळाने अधिक येईल! १९७० मध्ये लायनस पॉलिंग या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानेच सर्दीवर 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचवणारे पुस्तक लिहिले. मग हिशेब समोर येऊ लागला. १९८३ मध्ये अमेरिकेत 'ब-६'चे प्रचंड डोस घेणाऱ्या सात रुग्णांचे हातपाय बधिर होऊन चालणे कठीण झाल्याची नोंद झाली. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. कर्करोग टळावा म्हणून ज्यांना बीटा-कॅरोटिन दिले, त्यांच्यातच फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार यांच्यावरचा तसाच अमेरिकी प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याचे कारण साधे आहे. 'ब' आणि 'क' गटांतले जादा सत्त्व बहुतांशी लघवीवाटे जाते. 'अ' आणि 'ड' मात्र शरीरात साठतात. 'अ' फार झाले तर यकृताला इजा होते, गर्भातल्या बाळात व्यंग येऊ शकते. 'ड' फार झाले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्यांचा गुण 'के'मुळे कमी होतो. रोजची एक साधी गोळी सहसा एवढे काही करत नाही. मळमळ, पित्त, बद्धकोष्ठ, फार तर इतकेच. लघवी गडद पिवळी होते ती 'ब-२'मुळे; त्यात घाबरण्यासारखे काही नाही. धोका वाढतो तो एकावर एक बाटल्या सुरू केल्या की.

१ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्यात या कहाणीची दोन्ही टोके आहेत. जव्हार-मोखाड्याने कुपोषणाचे दुःख सोसले आहे. रातांधळेपणा टाळण्यासाठी बाळांना दिला जाणारा 'अ' जीवनसत्त्वाचा डोस आणि गरोदर बायांच्या लोहाच्या गोळ्या हे तिथे खरेखुरे जीवनसत्त्व आहे. पण लोहाने शौच काळे होते, पोट बिघडते, हे आधी सांगितले नाही, तर भ्यालेली बाई गोळ्या बाजूला ठेवते आणि तिच्या अंगातले रक्त वाढत नाही. दुष्परिणाम सांगायचे ते भीती घालण्यासाठी नव्हे. ज्याला गोळीची गरज आहे त्याने ती सोडू नये आणि ज्याला नाही त्याने तिच्यावर पैसे व प्रकृती उधळू नये, यासाठी.

तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा ताकदीच्या गोळ्यांची बाटलीही दाखवा. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. मुलांना त्या गोड गोळ्या वाटतात आणि मूठभर पोटात गेल्या तर जीवावर बेतते.