चिआंग माई

चिआंग माई : उत्तर थायलंडमधील ऐतिहासिक नगर, त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण आणि जुन्या लान्ना राज्याची राजधानी. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ७०० किमी.वर, पिंग नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर ते वसले आहे. पश्चिमेला डोई सुथेप (१,६७६ मी.) हा वनाच्छादित डोंगर शहराला अगदी लगटून उभा आहे. नावाचा अर्थ ‘नवे नगर’. बँकॉक, पटाया आणि समुद्रकिनारे एवढ्याच ओळखीवर येथे येणाऱ्याला हे शहर नीट कळत नाही. या नगराला स्वतःची राजघराणी, लिपी, बोली आणि स्वयंपाकपद्धती होती. त्याचा व्यवहार ब्रह्मदेश, चीनचा युनान प्रांत आणि लाओसकडे जाणाऱ्या डोंगरवाटांनी चाले. बँकॉकहून येणारा लोहमार्ग १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस येथे पोहोचला, तोपर्यंत दक्षिणेचा प्रवास नदीने किंवा हत्तीवरून, कित्येक आठवड्यांचा असे.

मंगराय राजाने १२९६ मध्ये हे नगर वसवले. त्याआधी त्याने १२६२ मध्ये चिआंग राय स्थापिले, दक्षिणेचे संपन्न मोन राज्य हरिपुंजय (आजचे लांफून) जिंकले आणि पिंगच्या काठी वियांग कुम काम ही राजधानी उभारून पाहिली. तेथे पुराने सतावल्यावर त्याने जरा उंचावरची ही जागा हेरली. जागा निवडताना सुखोथाईचा रामखम्हेंग आणि फयावचा न्गाम मुआंग या दोन मित्रराजांचा सल्ला त्याने घेतला, असे बखरी सांगतात. या तिघांचे पुतळे जुन्या शहराच्या मध्यभागी आहेत. लोक आजही त्यांच्यापुढे फुले आणि उदबत्त्या ठेवतात.

पंधराव्या शतकात तिलोकरात राजाच्या कारकीर्दीत (१४४१–८७) लान्ना वैभवाच्या शिखरावर होते. १४७७ मध्ये येथे भरलेल्या धर्मसंगीतीत त्रिपिटकाचा पाठ तपासून शुद्ध करण्यात आला. ती ज्या वाट चेत योत मठात झाली, त्याची वास्तू बोधगयेच्या महाबोधी मंदिरावरून घेतलेली आहे : चौकोनी जोत्यावर सात शिखरे, आणि बाहेरच्या भिंतींवर हात जोडलेल्या देवतांच्या चुनेगच्ची मूर्ती. भारतीय प्रवाशाने ही वास्तू चुकवू नये. शहराबाहेरच्या महामार्गालगत असल्याने तिथे गर्दी कमी असते आणि मूर्तींचे चेहरे निवांत पाहता येतात. याच परंपरेत सिरिमंगल या भिक्षूने १५२४ मध्ये पालीत लिहिलेली ‘मंगलत्थदीपनी’ थायलंडच्या पाली परीक्षांसाठी अजूनही अभ्यासली जाते.

१५५८ मध्ये ब्रह्मी राजा बयिन्नौंग याने चिआंग माई घेतले आणि पुढची दोन शतके ते बहुतांशी ब्रह्मी अमलाखाली राहिले. लाम्पांगच्या काविलाने सयामच्या ताकसिन राजाच्या साह्याने १७७० च्या दशकात ब्रह्मी सत्ता हुसकावली; पण सततच्या लढायांनी नगर उजाड झाले होते आणि जवळजवळ वीस वर्षे ओसच पडले. काविलाने १७९६ मध्ये, स्थापनेला बरोबर ५०० वर्षे झाल्यावर, ते पुन्हा वसवले. त्यासाठी त्याने साल्वीन खोऱ्यातून, ब्रह्मदेशातील केंगतुंग आणि युनानमधील सिपसोंग पन्नाकडून गावेच्या गावे उठवून आणली. त्यांत सोनार, विणकर, लाखकाम करणारे असे कसबी लोक होते. दक्षिण वेशीबाहेरच्या वुआलाई आळीत चांदीच्या पत्र्यावर ठोकून नक्षी उठवणारे कारागीर याच विस्थापितांचे वंशज आहेत. युनेस्कोने २०१७ मध्ये हस्तकला व लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून चिआंग माईची निवड केली, त्या कीर्तीमागे ही सक्तीची स्थलांतरे आहेत, हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागवानाने शहराचा नूर पालटला. ओले सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती खोल वलय कापून झाड दोन-तीन वर्षे उभ्याउभ्या वाळू देत, मग तोडून ओंडके हत्तींकरवी ओढ्यापर्यंत आणत आणि पुराच्या पाण्यावर सोडत. बँकॉकच्या वखारीत पोहोचायला त्यांना कित्येक वर्षे लागत. या धंद्यात मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन अग्रेसर होती. तिच्या स्पर्धक बोर्निओ कंपनीसाठी काम करणारा लुई लिओनोवेन्स हा सयामच्या राजपुत्रांना शिकवणाऱ्या ॲना लिओनोवेन्सचा मुलगा. आणि या ॲनाचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा. इंग्रज कंपन्यांचे जंगलांच्या मक्त्यांवरून तंटे वाढले, तसा बँकॉकने इथल्या कारभारात हात घातला आणि स्थानिक राजांचे अधिकार एकेक करून काढून घेतले. काविलाच्या घराण्यातला सातवा राजा इन्थविचयानोन याची मुलगी दारा रस्मी १८८६ मध्ये सयामचा राजा चुलालोंगकोर्न याच्या राणीवशात गेली. बँकॉकच्या राजवाड्यात तिने आणि तिच्या परिवाराने लान्ना पद्धतीचे आडव्या पट्ट्यांचे वस्त्र आणि लांब केसांचा अंबाडा सोडला नाही. १९१४ मध्ये ती कायमची परतली. माए रिम येथील तिचे निवासस्थान आज संग्रहालय आहे.

जुने शहर जवळजवळ चौरस आहे. प्रत्येक बाजू सुमारे दीड किमी., भोवती पाण्याचा खंदक आणि पाच वेशी. विटांच्या तटाचे आता मुख्यतः कोपऱ्यांचे बुरूजच उरले आहेत. पूर्वेची था फे वेस १९८० च्या दशकात नव्याने बांधलेली आहे. आतल्या गल्ल्या पायी फिरण्याजोग्या आहेत, आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादा वाट, म्हणजे मठ-मंदिर, लागतोच. सर्वांत जुना वाट चिआंग मान नगराबरोबरच उभा राहिला. १३४५ मध्ये स्थापन झालेल्या वाट फ्रा सिंगमधील लहानगा लाय खाम विहार मात्र सर्वांत देखणा म्हणावा लागेल : एकावर एक उतरत्या छपरांची खाली झुकलेली वळचण, लाल भिंतींवर सोनेरी ठसेकाम, आणि लोककथांची भित्तिचित्रे. त्या चित्रांत एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या माणसांचे कपडे, मांड्यांवरचे गोंदण, चिरूट ओढणाऱ्या बायका सारे दिसते. वाट फान ताओचा सागवानी विहार मुळात एका राजाचा महाल होता. तो उतरवून इथे उभारला, म्हणून त्याच्या दर्शनी भागावर राजचिन्ह असलेला मोर आहे.

वाट चेदी लुआंगचा भग्न विटांचा स्तूप चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन पंधराव्या शतकात पुरा झाला. त्याची उंची ८० मी.च्या घरात होती. पूर्वेच्या कोनाड्यात १४६८ पासून पुढे काही दशके पाचूचा बुद्ध, म्हणजे आज बँकॉकच्या वाट फ्रा केओमध्ये असलेली मूर्ती, विराजमान होता. १५४५ च्या भूकंपात शिखर कोसळले. १९९० च्या दशकातील डागडुजीत ते पुन्हा चढवले नाही, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. दक्षिण अंगाला जोत्यातून बाहेर आलेल्या हत्तींपाशी थांबावे. बहुतेक हत्ती नव्याने घडवलेले, गुळगुळीत आहेत. उजव्या टोकाच्या एकाचे कान नाहीत, सोंड नाही, गिलाव्याखालून विटा उघड्या पडल्या आहेत, तो मूळचा. आवारातच नगराचा रक्षक मानला जाणारा इन्थाखिन स्तंभ आहे. त्याच्या देवळीत स्त्रियांना प्रवेश नाही. वाट कोणताही असो, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि पायताण बाहेर.

डोई सुथेपवरील वाट फ्रा थाट ही शहराची खरी देवभूमी. लान्नाच्या कुएना राजाने बुद्धाचा अस्थिधातू पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून त्याला मोकळे सोडले. हत्ती डोंगर चढून गेला, तीनदा चीत्कारला आणि कोसळला. तेथे चेदी, म्हणजे स्तूप, बांधला, अशी आख्यायिका आहे. स्थापनेचे साल १३८३ मानतात. दोन्ही कडांना नाग असलेल्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढून वर जावे लागते. डोंगराचा घाटरस्ता खुबा सिविचाय या भिक्षूच्या हाकेवर लोकांनी श्रमदानातून १९३४-३५ मध्ये काही महिन्यांत खोदला. रस्ता सुरू होतो तिथल्या त्याच्या पुतळ्यापुढे गाड्या हटकून थांबतात. चालण्याची तयारी असेल तर जुन्या पायवाटेने जावे. वाटेत ओढ्याकाठी वाट फा लाट हा झाडीत लपलेला मठ लागतो.

खाणे हा या शहराचा इतिहास समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. उत्तरेचा भात चिकट; तो वेताच्या डबीतून येतो आणि बोटांनी गोळी करून तोंडीलावण्यात बुडवून खातात. खाव सोय ही इथली ओळखीची वाटी : नारळाच्या दुधातला पिवळा, मसालेदार, पातळ रस्सा, त्यात अंडे घातलेल्या पिठाचे नूडल्स आणि कोंबडीची तंगडी किंवा गोमांस, वर त्याच नूडल्सचा तळलेला कुरकुरीत झुबका. शेजारच्या बशीत मोहरीच्या पानांचे लोणचे, लहान कच्चे कांदे, लिंबाची फोड आणि तेलात परतलेली मिरची. हे सारे वाटीत घालून कालवल्याशिवाय रश्श्याला चव येत नाही. पदार्थ युनानच्या मुस्लिम व्यापाऱ्यांकडून आला असे मानतात. खेचरांच्या तांड्यांनी येणाऱ्या या लोकांची वस्ती रात्रबाजाराजवळच्या बान हो मशिदीभोवती आहे आणि तिथे शुक्रवारी सकाळी त्यांचा बाजार भरतो. आले, चिंच आणि गरम मसाल्यातले डुकराचे मांस, म्हणजे केंग हांग ले, ब्रह्मदेशाकडून आले. खनोम चीन नाम न्गिआओ या शेवयांच्या रश्श्यात काटेसावरीच्या फुलांचे वाळलेले केसर घालतात, ती ब्रह्मदेशातल्या शान लोकांची देणगी. लाप या खिमावजा पदार्थात मखेन पडते. कोकणातल्या तिरफळाचे हे सख्खे भावंड, आणि वास घेताच मालवणी माणसाला ते ओळखू येईल. भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचे नाम फ्रिक नुम आणि साय उआ हे सॉसेज वरोरोत बाजारात घ्यावे. शाकाहारी माणसाने मात्र ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये, कारण माशांचे पाणी बहुतेक सगळ्यात असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकाने पूर्ण शाकाहारी. तिथे कांदा-लसूणही नसतो.

शहराच्या नैर्ऋत्येस डोई इन्थनोन (२,५६५ मी.) हे देशातील सर्वोच्च शिखर आहे. त्याला इन्थविचयानोन राजाचे नाव दिले असून त्याच्या अस्थी माथ्यावर आहेत. वर शेवाळाने मढलेले मेघवन, त्यातून जाणारी लाकडी पायवाट, हिवाळ्यात पहाटे गवतावर गोठलेले दव, आणि पक्षिनिरीक्षकांची झुंबड. उतारांवर करेन आणि ह्मोंग लोकांच्या गावांत स्ट्रॉबेरी, फुले, कॉफी पिकते. अफूच्या जागी ही पिके आणण्याचे काम १९६९ मध्ये सुरू झालेल्या राजप्रकल्पाने केले. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीचे मक्ते बंद केल्यावर लाकूड ओढणारे हत्ती बेकार झाले आणि माहूत त्यांना घेऊन पर्यटनाकडे वळले. हत्तीवर बसवणाऱ्या किंवा खेळ करवून घेणाऱ्या छावण्या टाळाव्यात. जिथे तो चरताना, चिखलात लोळताना लांबून पाहता येतो, अशी ठिकाणे निवडावीत.

नोव्हेंबर ते जानेवारी हा येण्याचा उत्तम काळ. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतातले अवशेष आणि जंगल जाळल्याने खोऱ्यात धूर कोंडतो. काही दिवस डोई सुथेपही दिसत नाही, आणि दम्याच्या रुग्णांनी तेव्हा येऊच नये. यी पेंग हा दिव्यांचा सण साधारणतः आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच सुमारास येतो. मठांत कागदी कंदील टांगतात, पिंगमध्ये दिवे सोडतात. आकाशकंदील मात्र ठरलेल्या जागी आणि वेळीच सोडता येतात, कारण विमानतळ शहराला खेटून आहे. १३ एप्रिलपासूनच्या सोंगक्रानमध्ये फ्रा सिंगची बुद्धमूर्ती मिरवणुकीने निघते, लोक तिला सुगंधी पाण्याने न्हाऊ घालतात आणि मग खंदकाचे पाणी बादल्यांनी एकमेकांवर पडते.

शहरात लाल सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली गाडी, हात दाखवून थांबवता येते. एखादा दिवस राखून दक्षिणेस सुमारे २५ किमी.वरील लांफूनला जावे. मंगरायने जिंकलेल्या हरिपुंजयचा सोनेरी चेदी तिथे आजही पुजला जातो. जाताना नवा महामार्ग सोडून साराफीचा जुना रस्ता धरावा. चिआंग माईच्या हद्दीत त्याच्या दुतर्फा उंच यांग वृक्ष आहेत आणि लांफूनची हद्द लागताच कासोदाची झाडे सुरू होतात.