सांडवा आणि सांडपाणी

गड पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तट, बुरूज व तोफा पाहून परत येतो. नळदुर्गास पावसाळ्यांत गेलेल्याचे पाय मात्र बोरी नदीवरील धरणाकडे वळतात. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, मीर महंमद इमादीन यानें तें बांधलें. नळदुर्ग व शेजारचा रणमंडळ यांस जोडणारी ही भिंत सुमारें १७४ मीटर लांब असून तिच्या पोटांत पाणीमहाल आहे. नदीस पूर आला म्हणजे पाणी भिंतीवरून खालीं कोसळतें, आणि महालांत बसलेला मनुष्य कोरड्या अंगानें तो पाण्याचा पडदा पाहतो.

या धरणानें पाणी कसें अडविलें याचें कौतुक सर्वच करतात. त्यानें तें सोडलें कसें, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. अडविलेल्या पाण्यास वाट ठेविली नाहीं तर तें आपली वाट आपणच काढतें, आणि ती भिंतीच्या पायांतून काढतें. म्हणून जादा पाण्यासाठीं येथें दोन सांडवे ठेविले. लोक त्यांस नर व मादी म्हणतात. चारशें वर्षें भिंत उभी आहे, त्याचें मोठें श्रेय या दोन वाटांस दिलें पाहिजे.

सांडवा व सांडपाणी हे दोन्ही शब्द ‘सांडणें’ या एकाच धातूपासून झाले. पण या भावंडांचें नशीब निराळें. धरणावर शिलालेख कोरला गेला. सांडपाणी दाराबाहेर गेलें कीं त्यास कोणी विचारीत नसे, आणि मैला वाहण्याचें काम आपल्या समाजानें जन्मावरून ठरविलेल्या माणसांच्या माथीं मारलें.

सांडपाण्याची विचारपूस करणारा आपल्याकडील एक आरंभीचा प्रयोग मुंबईंत झाला. शाळिग्रामांसह पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं प्रसिद्ध करणारे ॲकवर्थसाहेब मराठी वाचकांस परिचित आहेत. हेच गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असतां, १८९० सालीं, त्यांच्या खटपटीनें माटुंग्यास कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम उघडला. पुढें इंग्लंडांत एक्झेटर येथें डोनल्ड कॅमेरन यानें १८९५ च्या सुमारास बंद टाकीची योजना केली. तींत गाळ तळाशीं बसतो, आणि हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तो कुजवितात. १८९७ च्या सुमारास तशा टाक्या माटुंग्याच्या आश्रमांत आल्या, आणि त्यांतून निघणारा वायु धरून दिव्यांसाठीं वापरण्यांत आला. समाजानें टाकलेल्या माणसांच्या वस्तींत टाकलेल्या पाण्यापासून उजेड मिळाला! पुढें १९१४ सालीं मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनीं पाण्यांत हवा खेळवून जंतूंचा गाळच पुन्हा पुन्हा कामास लावण्याची रीत दाखविली. मोठ्या शहरांचीं अनेक शुद्धीकरणकेंद्रें आजही तिच्यावर चालतात.

परंतु हवा खेळविण्यास यंत्रें लागतात, यंत्रांस वीज लागते, आणि विजेचें बिल लहान गांवास जड जातें. चढउताराच्या गांवास निसर्गानें एक देणगी दिली आहे : तेथें पाणी आपल्या वजनानें उतरतें. आधीं टाकींत गाळ बसूं द्यावा, मग लव्हाळे लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून पाणी झिरपूं द्यावें. झाडांच्या मुळांशीं व खडीवर वाढणारे जंतु उरलेलें काम करतात. गाळ मात्र वेळचे वेळीं काढला पाहिजे, आणि तोही माणसास टाकींत न उतरवितां. सांडव्याप्रमाणें हेंही काम गांव बसवितांनाच योजावें. भिंत फुटल्यावर सांडवा खणून काय उपयोग?

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं झाला. कायदा दंड सांगूं शकतो, शेजारधर्म शिकवूं शकत नाहीं. नर-मादींतून उडी घेणारी बोरी नळदुर्गास थांबत नाहीं. अक्कलकोटच्या मुलखांतून जाऊन ती भीमेस मिळते. वरच्या गांवानें जें सांडलें, तें खालच्या गांवाच्या घागरींत भरलें जातें. जुन्या गवंड्यास जादा पाण्याला नुसती वाट द्यावयाची होती. आम्हांस तें स्वच्छ करूनही द्यावयाचें आहे. आणि आमच्या गांवांची पारख आम्ही किती पाणी आणलें यावरून नव्हे, तर कसें पुढें पाठविलें यावरूनच होईल.