शिलकी वीज आणि पाण्याची टाकी

ब्रिटनमधील जुन्या धाटणीच्या घरांत वरच्या मजल्यावर, कपडे उबदार ठेवण्याच्या कपाटात, तांब्याची पाण्याची टाकी उभी असते. ती बहुधा गॅसच्या बॉयलरवर तापते, पण बॉयलर बंद पडल्यास अडून राहायला नको म्हणून तिच्यात सुमारे 3 किलोवॉटची विजेची कॉइलही बसवलेली असते. 2010 नंतर छपरावरच्या सौर पॅनेलची शिलकी वीज जिरवण्याचे काम या अडगळीतल्या कॉइलकडे आले, आणि त्याला तंत्रज्ञानातील शोधापेक्षा दरपत्रकातले एक कलमच अधिक कारणीभूत होते.

विजेचे कोठार म्हणून टाकी वापरण्याची प्रथा त्याआधीचीच. रात्री मागणी घटली तरी कोळशावरची आणि अणुशक्तीवरची केंद्रे सहजी बंद करता येत नाहीत, म्हणून 1978 मध्ये रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारी ‘इकॉनॉमी 7’ ही दरपद्धती आली आणि दुसऱ्या दिवशीचे पाणी पहाटेपूर्वीच तापवून ठेवण्याची सवय अनेक कुटुंबांना लागली. 150 लिटर पाण्याचे तापमान 40 अंशांनी वाढवायला जवळजवळ 7 युनिट वीज लागते, म्हणजे घरात एक भलीमोठी बॅटरी विनाखर्च उभीच होती.

1 एप्रिल 2010 रोजी सुरू झालेल्या ‘फीड-इन टॅरिफ’ योजनेत राहत्या घरावरील 4 किलोवॉटपर्यंतच्या संचाला निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे 41.3 पेन्स मिळत, मग ती वीज घरात वापरलेली असो वा नसो; ग्रिडला दिलेल्या युनिटमागे आणखी 3 पेन्स ठरले होते. मात्र लहान संचांची निर्यात मोजण्याचा खटाटोप टाळून, निर्मितीचा निम्मा भाग ग्रिडला गेला असे गृहीत धरले जाई. या मानीव निर्यातीमुळे प्रत्यक्षात एकही युनिट बाहेर न गेले तरी तेवढेच पैसे हाती पडत, त्यामुळे भर दुपारी, घर रिकामे असताना, वीज बाहेर जाऊ देणे म्हणजे ती फुकट देण्यासारखेच झाले.

ती अडवणे वाटते तितके सोपे नव्हते. शिल्लक 1.2 किलोवॉट असताना 3 किलोवॉटची कॉइल नुसती चालू केली, तर उरलेले 1.8 किलोवॉट ग्रिडमधून विकत घ्यावे लागतात. म्हणून मुख्य तारेभोवती सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारे कडे, बसवून त्याच्या इशाऱ्यावर ट्रायक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने कॉइलला हवी तेवढीच वीज द्यायची, अशी रचना पुढे आली. प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापण्याच्या पद्धतीने ग्रिडमधील लहरींचा आकार बिघडतो. दुसरी पद्धत अधिक चतुर होती: अनेक डिजिटल मीटर 1 वॉट-तासाच्या, म्हणजे 3600 ज्यूलच्या, टप्प्यांनी मोजणी करतात आणि त्या मर्यादेत दिलेली व घेतलेली वीज परस्पर वजा होते, हे हेरून कॉइल पूर्ण शक्तीने क्षणभर चालू, क्षणभर बंद ठेवायची, 1.2 किलोवॉट शिलकीला ती 40 टक्के वेळ चालू राहिली की हिशेब जुळतो. दिवे किंचित लुकलुकत, एवढाच त्रास. वेल्समधील ‘ओपनएनर्जीमॉनिटर’ या खुल्या आराखड्यांच्या प्रकल्पाभोवती जमलेल्या हौशी मंडळींनी असे संच घरी जुळवले आणि तयार संचही बाजारात आले.

गॅस असलेल्या घरांत मात्र हा व्यवहार फारसा किफायतशीर नव्हता, कारण गॅसची ऊर्जा विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळे. खरी बचत गॅसवाहिनी न पोहोचलेल्या गावांची, बाकीच्यांना समाधान मोठे. महाराष्ट्रात 2015 पासूनच्या नेट मीटरिंगच्या नियमांनी दिलेली वीज बिलातूनच वजा होऊ लागल्याने या यंत्राला येथे जागाच उरली नाही.

ब्रिटनमध्येही 31 मार्च 2019 रोजी योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली, आणि 2020 पासून प्रत्यक्ष मोजलेल्या निर्यातीचेच पैसे देणारी पद्धत आली. पुढे काही वीज कंपन्या निर्यातीच्या युनिटला 15 पेन्स देऊ लागल्या, तर गॅस त्याच्या निम्म्याहून स्वस्त होता. साहजिकच अशा घरांत दुपारची वीज विकून पाणी पुन्हा गॅसवर तापवणे फायद्याचे ठरले. मानीव निर्यातीवरच राहिलेल्या जुन्या सहभागींचे गणित मात्र बदलले नाही, आणि 2010 साली नोंदलेल्यांची 25 वर्षांची मुदत 2035 मध्ये संपेल.