शुद्धी कोणाच्या हातून होते?

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याला अस्पृश्यांच्या ओंजळीचा स्पर्श झाला आणि सनातन्यांनी घागरी भरभरून पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याने पाण्यात शेण तेवढे वाढले.

त्याच काळात बंगालमध्ये शुद्धीचा दुसराच इतिहास घडत होता. कलकत्त्याची घाण वाहून नेणारी विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ साली ती मृत ठरली. शहराच्या पूर्वेची खारी तळी ओस पडू लागली. तेव्हा, १९३०च्या सुमारास, तेथील मासेवाल्यांनी शहराचे मैलापाणी तळ्यांत घेण्यास सुरुवात केली. ह्या तळ्यांना तिकडे 'भेडी' म्हणतात. भेडी उथळ असते, म्हणून ऊन तळापर्यंत पोचते. मैला जिवाणू फोडतात, शेवाळ उन्हावर प्राणवायू देते, शेवाळ मासे खातात आणि उरलेले पाणी भातशेतीला जाते. किती मैलापाणी घ्यावे, ते किती दिवस उन्हात ठेवावे, मासे केव्हा सोडावेत, हे पाण्याच्या रंगावरून ओळखणारे लोक कोण? त्यांत बंगालच्या अनुसूचित जातींतले मच्छीमार आणि मजूर मोठ्या संख्येने आहेत.

ह्या ज्ञानाला शास्त्र म्हणायला अर्धे शतक लागले. दरम्यान साठीच्या दशकात तळी बुजवून सॉल्ट लेकची पांढरपेशी वसाहत उभी राहिली. ऐंशीच्या दशकात ध्रुवज्योती घोष ह्या सरकारी अभियंत्याने ही व्यवस्था जगापुढे मांडली आणि खरे जाणकार येथले श्रमिकच आहेत, हे मोकळेपणाने सांगितले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने भराव रोखला. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले.

पण गौरवाने भुलून चालणार नाही. पाणथळीला मान मिळाला, पण पाण्यात उतरणाऱ्याला काय मिळाले? कित्येक भेड्यांची मालकी शहरात बसलेल्या धनिकांची आणि कंबरभर पाण्यात उभा मात्र मजूर. आपल्याकडे तर १९९३ आणि २०१३ चे कायदे होऊनही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात. घाण ऊन आणि शेवाळ पचवू शकते, हे ठाऊक असलेल्या देशात ती माणसाच्या अंगावर का टाकली जाते? ह्याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही. ते जातिव्यवस्थेत आहे.

पंचगव्याने एक थेंबही शुद्ध झाला नाही. ज्यांना अशुद्ध ठरवले, त्यांच्या श्रमाने मात्र एका महानगराचे पाणी स्वच्छ झाले. हा इतिहास आपणच लिहिला पाहिजे.