प्लेग-निवारणाची साधने आणि लोकांचा अनुभव (१८९६–१८९८)

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, लागण ओळखली. पुढील दोन वर्षांत नव्या वैद्यकीय साधनांशी सामान्य माणसाची गाठ घरात, रेल्वेच्या फलाटावर आणि दवाखान्यात एकाच वेळी पडली. त्या काळच्या लोकविरोधास ‘अज्ञान’ आणि ‘धर्मभोळेपणा’ अशी दोन नावे देऊन मोकळे होण्याची रीत आहे. ती पुराव्यास उतरत नाही.

४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारास जवळजवळ अनिर्बंध अधिकार मिळाले. पुण्यात रँड यांच्या समितीने घरझडतीचे काम गोऱ्या सोजिरांकडे सोपविले. जंतुनाशक द्रावण, चुन्याची सफेदी, उजेडासाठी उतरविलेली कौले, यांपैकी काहीच मुळात भयंकर नव्हते. चुना तर घरोघरी परिचयाचा. परंतु हे सारे बूट घातलेल्या शिपायांबरोबर माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरापर्यंत आले. अंथरुणे बाहेर काढून जाळली गेली; रोगी इस्पितळात आणि धडधाकट माणसे छावणीत, अशी कुटुंबाची फाटाफूट झाली. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर जी गोळी झाडली गेली, तिच्यामागे हा संताप होता.

प्रवासातही तेच घडले. १८५३ मध्ये सुरू झालेली आगगाडी लोकांनी विटाळाच्या शंका बाजूस सारून केव्हाच आपलीशी केली होती. आता त्याच गाडीतून उतरवून, अंगात ताप आहे की काय हे पाहून, काखेत व जांघेत गाठ चाचपली जाऊ लागली. स्त्रियांची अशी तपासणी परक्या पुरुषाने चारचौघांत करावी, हे कोणत्या समाजाने निमूटपणे सोसले असते?

लशीची हकीगत वेगळी आहे. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत ती तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ लोंबत्या धाग्यांसारखी खाली उतरे, आणि मग उष्णता देऊन ते जंतू मारीत. स्वयंपाकघरातील तूप प्रयोगशाळेत गेले, ही गोष्ट मौजेची खरीच. या लशीविषयी कंड्या पिकल्या, तिच्यामुळे येणारा ताप व दंडाची सूज यांचेही भय होते. तथापि आगाखान यांनी उघडपणे टोचून घेताच खोजा समाजातील हजारो माणसे पुढे आली. १८९८ मध्ये हुबळीसही हजारोंनी लस घेतली. देवीची लस तर मुंबईस १८०२ पासूनच ठाऊक होती. टोचण्याच्या सुईपेक्षा झडतीचा बूट अधिक असह्य झाला, असेच म्हणावे लागते.

शिवाय अधिकाऱ्यांचे ज्ञानही अपुरेच होते. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीस प्रयोगाने दाखविले ते १८९८ मध्ये, आणि तेही कित्येक वर्षे सर्वमान्य झाले नाही. तोवर भिंती, मोऱ्या व कपडे धुण्यावरच भर राहिला. इकडे दख्खनच्या खेड्यांतील माणसे मात्र उंदीर पडू लागले की घरास कुलूप लावून शेतातील झोपड्यांत राहावयास जात.