सोळा आण्यांचा हिशेब

डिसेंबर सरत आला की दर्यापूरकडच्या नातेवाइकांच्या फोनमध्ये एक शब्द हमखास येतो, पैसेवारी. यंदा काकांनी विचारलं, "पीक तं समद्यायनं पाह्यलं. मंग हा पन्नासच्या वरचा आकडा आला कोठून? ह्याच्यावर इस्वास ठेवावा का नाई?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात बराच इतिहास आहे. म्हणून हा लेख.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. प्रमाण म्हणून धरलेलं पीक शंभर पैसे मानायचं आणि यंदाचं गावातलं पीक त्याच्या किती पैसे आलं ते काढायचं, ही झाली पैसेवारी. पन्नासच्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, असं बरंच काही तिच्यावर अवलंबून राहत आलं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष आले. तरी पैसेवारी निघतेच, आणि गावात चर्चा तिचीच होते.

जुनी माणसं अजून 'आणेवारी' म्हणतात. १९५७ साली दशमान नाणी आली, तोवर पूर्ण पीक सोळा आणे असायचं. आकडा काढायची रीत मात्र नजरेची. पाटील-पटवारी शिवारात फिरायचे आणि अंदाज सांगायचे. आता हा अंदाज कशासाठी? साऱ्यासाठी. म्हणजे पीक कमी दिसलं तर गावाचा फायदा, जास्त दिसलं तर सरकारचा. आकडा कागदावर उतरण्याआधीच त्याला दोन बाजूंनी ओढणारे हात होते.

ही ओढाताण सगळ्या देशाने पाहिली ती १९१८ साली, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणाले, वर आहे. शेत तेच, वर्ष तेच, आकडे दोन. त्यातून गांधीजींचा सत्याग्रह उभा राहिला. मला या प्रसंगात वाटतं ते असं की, कोण खोटं बोलत होतं हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या आकड्यावर वसुली ठरते तो वसूल करणाऱ्यानेच काढला, तर तो खरा असला तरी लोकांना पटणं कठीण.

मग पडताळा कसा घ्यायचा? याचं एक उत्तर कपाशीने दिलं. सरकारी अंदाज प्रत्यक्ष पिकापेक्षा कमी असतात, अशी व्यापाऱ्यांची जुनी तक्रार होती. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला आणि किती कापूस दाबला याचे आकडे कारखान्यांना द्यावे लागले. म्हणजे एकाच पिकाची दोन मापं हाती आली. एक शिवारातलं, एक प्रेसच्या दारातलं. दुसरंही निर्दोष नव्हे. शेजारच्या जिल्ह्याचा कापूस त्यात येतो, घरच्या गाद्यांत गेलेला येत नाही. पण गठाणी मोजणाऱ्याला पटवाऱ्याच्या कागदाशी देणंघेणं नव्हतं, आणि तीच त्याची किंमत.

दुसरं उत्तर तर आपल्या शेजारी, अकोला जिल्ह्यात शोधलं गेलं. १९४०च्या दशकात वि. गो. पानसे यांनी तिथे कपाशीवर नमुना पाहणीचे प्रयोग केले. शेत निवडायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे रस्त्याकडेचं चांगलं किंवा मुद्दाम दूरचं वाईट शेत निवडायची सोयच नाही. मग ठरावीक तुकडा आखून त्यातलं पीक तोलायचं. कपाशी एका दिवसात हाती येत नाही, म्हणून प्रत्येक वेचणीचं वजन वेगळं ठेवायचं.

त्यांचे सहकारी, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तुकडा फार लहान आखला तर उत्पन्न फुगतं, कारण काठावरची ताटं मोजणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात. यात कुणाची लबाडी नसते, फक्त हात जरा उदार असतो. हे वाचलं तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की त्याच्या काठावर काय होतं, हे मी बघतो.

आजच्या पैसेवारीतही दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा कापतात. पण नीट मोजूनही एक वाट उरतेच, ती म्हणजे प्रमाण पिकाची. समजा चांगल्या काळात एकरी आठ क्विंटल कापूस व्हायचा. मधल्या नापिकीने सरासरी सहावर आली. यंदा साडेतीन झाला. आठाशी ताडला तर पैसेवारी ४४, सहाशी ताडला तर ५८. कापूस तेवढाच, तराजूही खरा, आणि तरी एका हिशेबात सवलत मिळते, दुसऱ्यात नाही. वाईट वर्षांची सवय झालेल्या गावाला आणखी एक वाईट वर्ष बरं दिसू लागतं.

त्यात आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, सगळी भिस्त पावसावर, आणि एकाच शिवारात एकाचं साधलं तर दुसऱ्याचं गेलेलं. गावाची सरासरी दोघांनाही एकच आकडा देते.

तेव्हा आकडा खरा की खोटा, असा सवाल मी आता करत नाही. कोणी मोजलं आणि त्या आकड्याने मोजणाऱ्याचं काय बनतं-बिघडतं, कशाशी ताडलं, आणि ज्याला त्यात काही घेणं नाही अशा कुणी वेगळ्या कारणासाठी तेच मोजलं आहे का, एवढं विचारतो. पैसेवारी हातात आली की बाजार समितीतली आवक आणि जिनातल्या गठाणी बघाव्यात. तिघांचं जुळलं तर विश्वास ठेवावा. नाही जुळलं तर निदान कुठे बोट ठेवायचं ते कळतं, आणि ग्रामसभेत उभं राहून नेमकं काय विचारायचं तेही.

तुमच्या गावाकडे काय अनुभव आहे? जरूर लिहा.