पोकळ शंकरपाळं, भरीव शंकरपाळं

मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर भाच्याने वही पुढे सरकवली. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला सबमिशनसाठी लायब्ररीच्या सॉफ्टवेअरची आकृती काढायची होती. (आमच्या वेळीही लायब्ररीच होती. इतक्या वर्षांत मास्तर लोकांना दुसरं उदाहरण सुचलेलं दिसत नाही!)

"मामा, हे शंकरपाळं पोकळ काढू की भरीव?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आई, काका आणि नाशिकची सगळी मंडळी) थोडं सांगतो. हल्लीचं बरंचसं सॉफ्टवेअर 'ऑब्जेक्ट'च्या भाषेत लिहितात. पुस्तक, सभासद, दंड असे वेगवेगळे तुकडे करायचे. प्रत्येकाने आपली माहिती आपल्याजवळ ठेवायची आणि आपलं काम आपण करायचं. अशा एका जातीच्या तुकड्यांना 'क्लास' म्हणतात. कागदावर क्लास म्हणजे तीन खणांची चौकट: वर नाव, मध्ये माहिती, खाली कामं. चौकटींमध्ये रेघा. एखादी गोष्ट दुसरीचा भाग असेल, तर रेघेच्या टोकाला शंकरपाळं. पुस्तक आणि त्याची पानं असतील तर भरीव, कारण पुस्तक गेलं की पानंही गेली. भिशी मंडळ आणि सभासद असतील तर पोकळ, कारण भिशी मोडली तरी माणसं राहतात. चित्रांच्या या भाषेचं नाव यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज.

"भरीव काढ," मी म्हणालो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. ही शंकरपाळी काढण्यावर मी एके काळी पोट भरलं आहे. त्याच चित्रांपायी माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती आजवर घरीही सांगितलेली नाही. पण आधी इतिहास. त्याशिवाय ती कळणार नाही.

ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेची. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा केली. १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. ती पुढे अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉकमध्ये रुजली आणि १९८० च्या दशकात सी प्लस प्लसमधून कारखान्यांत आणि बँकांत पोचली. आणि मग अडचण उभी राहिली. पाच-दहा क्लास डोक्यात मावतात. पाचशे झाले की कोण कोणाला हाक मारतंय हे नुसता कोड वाचून कळेनासं होतं. मग माणूस काय करतो? चित्र काढतो.

पण प्रत्येकाचं चित्र वेगळं! १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अशा पद्धतींची संख्या दहाच्या आतून पन्नासच्या वर गेली. त्या काळाला 'पद्धतींची युद्धं' म्हणत. त्यातले तीन सरदार महत्त्वाचे.

पहिला ग्रेडी बूच. अमेरिकन हवाईदलाच्या अकादमीत शिकलेला, रॅशनल नावाच्या कंपनीत. त्याचा क्लास म्हणजे तुटक रेघेचा ढग. त्याच्या १९९१ च्या पुस्तकात मांजरांची व्यंगचित्रं आहेत, ती अजून लोकांना आठवतात. दुसरा जेम्स रम्बॉ, जनरल इलेक्ट्रिकच्या स्कनेक्टडीच्या संशोधन केंद्रातला. तिथे त्याने सहकाऱ्यांबरोबर ओएमटी ही पद्धत बांधली आणि तिचं पुस्तकही १९९१ चंच. त्याची चौकट सरळ, तीन खणांची. भाच्याच्या वहीतली चौकट ती हीच. तिसरा ईव्हार याकोबसन, स्वीडनच्या एरिक्सनचा, टेलिफोन एक्स्चेंज बांधणारा. एक्स्चेंजमध्ये महत्त्वाचा असतो तो क्रम. रिसीव्हर उचलला, मग टोन, मग नंबर, मग घंटी. कुठल्या ठोकळ्याने कुठल्या ठोकळ्याला कधी इशारा दिला, हे त्याने वरून खाली उतरणाऱ्या रेघांनी दाखवलं. हीच पुढे 'सीक्वेन्स' आकृती झाली. वापरणारा माणूस या यंत्रणेकडून काय करून घेतो, तिथून सुरुवात करायची 'यूज केस'ची कल्पनाही त्याचीच.

ही सीक्वेन्स आकृती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९४ च्या ऑक्टोबरमध्ये रम्बॉ रॅशनलमध्ये आला. वर्षभरात दोघांनी एकत्र पद्धतीचा ०.८ आवृत्तीचा मसुदा मांडला. त्याच सुमारास रॅशनलने याकोबसनची कंपनी विकत घेतली आणि तिघं एका छपराखाली आले. लोक त्यांना 'थ्री अमिगोज' म्हणू लागले. ढग गेले आणि चौकट राहिली. (ढग हाताने काढायला मजा येते, संगणकावर रेखाटायला नाही.) १९९७ च्या जानेवारीत यूएमएल १.० ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेपुढे ठेवली गेली आणि नोव्हेंबरात १.१ मंजूर झाली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल यांच्यासारख्या एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्या या कामात भागीदार होत्या. चित्रांच्या भाषेवर एवढं एकमत होणं ही लहान गोष्ट नव्हती. भाषावार प्रांतरचना पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता हत्यार. रॅशनलने या भाषेसाठी विकलेलं सॉफ्टवेअर म्हणजे रॅशनल रोज. आम्ही रोज 'रोज' उघडायचो, हा विनोद आमच्या मजल्यावर दिवसातून दोनदा व्हायचा. डावीकडे झाड, उजवीकडे पांढरा कॅनव्हास. चौकट ओढायची, रेघ जोडायची, बटण दाबलं की कोडचा सांगाडा तयार. उलटंही व्हायचं: लिहिलेला कोड त्याला दिला की तो चौकटी काढून द्यायचा. त्याला 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' म्हणत. वचन असं होतं, की आर्किटेक्ट जसा नकाशा काढतो आणि गवंडी बांधतो, तसं आता सॉफ्टवेअरचं होणार.

या उपमेत एक खोट होती. ती जॅक रीव्ह्ज नावाच्या प्रोग्रामरने १९९२ मध्येच दाखवली होती. इमारतीत नकाशा स्वस्त आणि बांधकाम महाग. सॉफ्टवेअरमध्ये 'बांधकाम' कंपायलर करतो, जवळजवळ फुकट. मग नकाशा कुठला? तर कोड हाच नकाशा. तसं असेल तर रोजमधलं चित्र म्हणजे नकाशाचा नकाशा. आणि नकाशाचा नकाशा जुना झाला तरी भिंत पडत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साल २००४, पुण्यातली एक कंपनी (नाव नको), परदेशातल्या एका विमा कंपनीचं दावे निकाली काढायचं काम. माझं पद होतं 'मॉडेल' सांभाळणाऱ्याचं. करारात टप्पे होते आणि डिझाइनच्या कागदपत्रांवर पैशाचा एक हप्ता अडकलेला. पहिले तीन महिने आम्ही खरोखर जीव लावून चित्रं काढली. मग कोड सुरू झाला आणि नेहमीसारखा आपल्या वाटेने गेला. रोज संध्याकाळी काहीतरी बदलायचं. चित्र बदलायला वेळ कुणाला होता?

हप्त्याच्या आठवडाभर आधी साहेबांनी विचारलं, "मॉडेल अपडेट आहे ना?" मी "हो" म्हटलं आणि दोन रात्री बसून कोड रोजला भरवला. क्लासच्या सगळ्या चौकटी ताज्या होऊन आल्या, अगदी खऱ्या. पण आमच्याकडचं रोज कोडवरून सीक्वेन्स आकृत्या काढून देत नव्हतं. त्या हातानेच काढाव्या लागत. त्या तशाच राहिल्या, तीन महिन्यांपूर्वीच्या. मी सगळं एकत्र छापलं. चारशे पानांचं बाड झालं. प्रत्येक पानाच्या तळाशी तीच तारीख, तोच आवृत्ती क्रमांक, तोच सुबक टाइप. कुठलं पान खरं आणि कुठलं शिळं, हे पाहणाऱ्याला कळायचा काहीच मार्ग नव्हता. मला मात्र ठाऊक होतं. मी सही केली.

वर्षभराने ते काम देखभालीच्या टीमकडे गेलं. तिथे सांगलीची एक मुलगी होती, कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं झालेली. एकदम शेकडो दावे फाइलमधून आत घ्यायचा एक नवा भाग तिने लिहिला. त्याआधी तिने शिस्तीत बाड वाचलं. सीक्वेन्स आकृतीत दिसत होतं की पैसे देणारा क्लास 'हा दावा आधी दिला आहे का' हे स्वतः तपासतो. ते पूर्वी खरं होतं. मग वेगासाठी आम्ही ती तपासणी तिथून उचलून आधीच्या स्क्रीनमध्ये टाकली होती. तिचा नवा भाग त्या स्क्रीनवरून जातच नव्हता.

काही दावे दोनदा दिले गेले.

बैठक झाली. मीही होतो. तिने बाड उघडून ते पान दाखवलं. समोरचे म्हणाले, "कोड वाचायला नको होता का?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण मी चारशे पानांवर सही का केली होती, हा प्रश्नही तितकाच बरोबर होता आणि तो कोणी विचारला नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्या खोलीत सगळ्यांना कळलं असतं. मी नाही उघडलं. पदोन्नतीची यादी त्याच महिन्यात लागायची होती. तिला त्या कामावरून काढलं. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

मी बरीच वर्षं दोष यूएमएलला देत आलो. ते सोपं होतं, कारण जगही तेच म्हणत होतं. रॅशनल २००३ मध्ये २.१ अब्ज डॉलरला आयबीएमकडे गेली. २००५ मध्ये यूएमएल २.० आली, आकृत्यांचे प्रकार नवाचे तेरा झाले आणि नियमांचं पुस्तक आणखी जाड. त्याआधीच, २००१ पासून, कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं मानणारी अजाइलची हवा सुरू झाली होती. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या मेरियन पेत्रे यांनी पन्नास व्यावसायिकांना विचारून २०१३ मध्ये निबंध मांडला. त्यातले पस्तीस जण यूएमएल वापरतच नव्हते. अकरा जण हवं तेवढंच वापरत होते, तेही बहुतेक बोलण्यापुरतं, आणि काम झालं की चित्र बाजूला.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या पुण्यातच आहे. हडपसरला टाटांच्या संशोधन केंद्रात (टीआरडीडीसी, १९८१ पासूनचं) मॉडेलमधूनच कोड निर्माण करायची हत्यारं बनली. मास्टरक्राफ्ट हे त्यातलं नाव. तिथे मॉडेल हेच मूळ. बदल करायचा तर मॉडेलमध्ये करा आणि कोड पुन्हा काढा. अशा पद्धतीत चित्राला खोटं बोलायची सोयच उरत नाही. शिस्त मात्र फार लागते.

म्हणजे दोन जागी चित्र टिकलं. एक, जिथे ते फळ्यावर काढून चर्चा झाली की पुसून टाकतात. आणि दोन, जिथे त्याच्यावाचून कोडच जन्मत नाही. बुडालं ते मधल्या जागी, जिथे चित्र खरं आहे की नाही हे फक्त सही करणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून होतं. तीन सरदारांनी भाषा दिली होती. त्या भाषेत खोटं बोललो मी.

हल्ली कोडशेजारीच चार ओळी लिहून आकृती उमटवायची साधनं आली आहेत. मर्मेड २०१४ मध्ये आलं आणि २०२२ पासून गिटहबवर सरळ दिसू लागलं. त्यातही याकोबसनची सीक्वेन्स आकृती आहेच. तीही शिळी होते, पण कोड बदलणाऱ्याच्या नजरेसमोर असते, एवढा फरक.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. सांगलीच्या मुलीचंही. तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, तू तिला नंतर कधी सांगितलंस का?"

नाही सांगितलं. आता हे लिहून झाल्यावर तिचा पत्ता शोधणार आहे. उशीर फार झालाय, पण ती बैठक तिच्या डोक्यात अजून असेल तर 'तू पान बरोबर वाचलं होतंस' एवढं तरी तिला कळायला हवं.

भाच्याला एक सवय लावून आलो. प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात तारखेबरोबर हेही लिहायचं, की ही कोडवरून काढली, की डोक्यातून. मास्तर त्याचे मार्क देणार नाहीत. असो.

तुमच्यापैकी कोणी असं बाड वाचून फसलं असेल, किंवा माझ्यासारखं सही करून बसलं असेल, तर जरूर लिहा. नाव नका लिहू हवं तर.